वरचा आवाज

“बंद कर ते. ह्यात पूर्णी न्हाय,” सम्मेदची आई, अव्वा, आतून म्हणाली, आणि तो खुर्चीतून अर्धवट उठला तो तसाच राहिला. गाणं नुकतंच कुठं सुरू झालं होतं. सोमवार, त्याच्या नळ-कमोडच्या दुकानाला सुट्टी. रूपाली माहेरी गेलेली. पुण्याहून रुचितानं आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाठवलेला रेकॉर्ड प्लेअर महिनाभर खोक्यातच होता, तो त्यानं सकाळी बाहेर काढून जोडला होता. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये चपटा अ‍ॅम्प्लिफायर, आणि पुस्तिकेत लिहिलं होतं तशी दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर खुर्ची. मग कपाटातून, अव्वाच्या लुगड्यांखालून, ती लहान रेकॉर्ड काढली. ती सोडून घरात दुसरी रेकॉर्डच नव्हती. सुई टेकली आणि दोन्ही कानांशी तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज सुरू झाला. डावीकडून वेगळा, उजवीकडून वेगळा. त्या दोन आवाजांच्या मध्ये, कुठंतरी लांब भिंतीपाशी, मुलींचं गाणं बारीक होऊन वाजत होतं. आपण खुर्चीत नाही, पावसात दोन पत्र्यांच्या छपरांमधल्या बोळात बसलोय असं त्याला वाटलं. आणि तेवढ्यात अव्वा बोलली.

“तीच हाय अव्वा,” तो म्हणाला. “तुझ्या कपाटातलीच काढल्या.”

“असंल. पण पूर्णी न्हाय त्यात. उगंच कान किटवू नकोस.”

त्यानं सुई उचलली. आत अव्वा पुन्हा ताटातली डाळ निवडू लागली, त्याचा आवाज तेवढा राहिला. तिचे दोन्ही डोळे ऑपरेशन होऊनसुद्धा अधूच होते. डाळीतले खडे ती बोटांनीच शोधायची. कान मात्र शाबूत होते. खालच्या मजल्यावर कुणाच्या घरी कुणाशी काय बोलणं झालं हे तिला ठाऊक असायचं. त्यामुळे ‘तिला नीट ऐकू आलं नसेल’ असं म्हणून तो विषय सोडून देता येत नव्हता.

पूर्णी म्हणजे पूर्णिमा, सम्मेदची अक्का. ती कावीळ होऊन गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि सम्मेद चार. दोघांच्या मध्ये दोन मुलं झाली आणि लहानपणीच गेली, त्यामुळे अक्का आणि तो यांच्यात एवढं अंतर. ती गेली त्याच्या दोनेक वर्षं आधी तिच्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून शाळेनं मुलींच्या गाण्याची ही रेकॉर्ड काढली होती. गाणं शाळेच्या गायनाच्या बाईंनीच रचलेलं. शेताला पाणी पाजणारी पोरगी पाटाच्या पाण्याला म्हणते, बाबा रे, सावकाश जा, माझी रोपं कोवळी आहेत. एवढंच. सगळ्या मुली मिळून धृपद म्हणायच्या, आणि अंतरे फक्त दोघीजणी. शेवटच्या ओळीला त्यातली एक वर चढत जायची आणि दुसरी खालच्या सुराला धरून राहायची. रेकॉर्डवर नावं नव्हती. नुसतं ‘शाळेच्या विद्यार्थिनी’. पण ती वर चढणारी आपली पूर्णी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सम्मेदला तर अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं.

कारण अण्णा. अण्णा म्हणजे त्याचे वडील, भूपाल मगदूम. माणूस कमी बोलणारा. गुळाच्या अडतीत आयुष्य काढलं, घरी आले की पाय धुऊन गप्प बसायचे. त्यांनी लाल रेक्झिनची एक पेटी आणली होती, झाकणातच स्पीकर असलेली. अक्काच्या तिथीला, पौर्णिमेला, कुणी नवा पाहुणा घरी आला की, आणि पुढं पुढं काही कारण नसतानाही ते ती पेटी उघडायचे. रेकॉर्ड लावायच्या आधी मलमलच्या कापडानं गोल पुसायचे. शेवटची ओळ आली की त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलायचा, आवाज वर जाईल तसा वर जायचा, आणि ते म्हणायचे, “बघ. बघ कशी चढतीया पूर्णी.” सम्मेदनं वडिलांना दुसरं कधी असं काही म्हणताना ऐकलं नव्हतं. दहावीचा निकाल लागला तेव्हाही नाही. त्याला त्या आवाजाचा हेवा वाटायचा. मग तो मोठा झाला, हेवा गेला, आणि नुसताच तो आवाज राहिला. स्वच्छ, धार असलेला, पहाटे लवकर उघडलेल्या नळासारखा. रुचिता शाळेत पहिल्यांदा गायली तेव्हा अण्णा म्हणाले होते, आत्यावर गेलीया. त्या दिवशी सम्मेदला पोरीबद्दल जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं तिच्या नोकरीच्या वेळीही वाटला नाही. अण्णा गेले. घर बदलताना ती पेटी भंगारात गेली. तिचं मोटारीचं रबर वितळून चिकट झालं होतं, सुई तर कधीची बोथट. रेकॉर्ड अव्वानं आधीच आपल्या कपाटात ठेवली होती.

त्याची स्वतःची अक्काची आठवण एकच. नळाखाली ती त्याचे पाय धुतेय. तो ओढून घेतोय. तिच्या वेणीचं टोक ओलं झालंय आणि त्याच्या गुडघ्याला लागून गार वाटतंय. ती काहीतरी म्हणतेय. काय म्हणतेय ते नाही, पण आवाज तोच, रेकॉर्डवरचा. हे खरंच घडलं होतं की कुणी सांगितलेलं त्याच्या डोक्यात बसलं होतं, याचा त्यानं पूर्वी विचार केला होता आणि सोडून दिला होता. आवाज होता ना, मग खरं.

संध्याकाळी तो सोहेलकडे गेला. सोहेल बागवान शाळेपासूनचा मित्र, फळांचा ठोक व्यापारी, आणि त्याच्या घरच्या वरच्या खोलीत भिंतभर रेकॉर्डी. सम्मेदनं झाली गोष्ट सांगितली. अव्वा काय म्हणाली ते मात्र सांगितलं नाही, नुसतं ‘आवाज लई घाण येतोय’ एवढंच म्हणाला.

सोहेलनं रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. “मोनो हाय ही,” तो म्हणाला. “आणि तू ती स्टिरिओवर लावलास. वाजंल की, न वाजायला काय झालं. पण कचरा पण सगळा वाजंल.”

“नवा सेट हाय सोहेल. पोरीनं चांगला घेऊन दिलाय.”

“सेटला कोण काय म्हणतंय? ऐक. ह्या खाचंला दोन भिंती असत्यात. स्टिरिओ रेकार्डला एका भिंतीवर डावं, दुसरीवर उजवं. मोनोला दोन्हीकडं एकच. सुई नुसती आडवी हलाय पायजे. पण तुझी सुई वरखालीबी वाचतीया. वरखाली काय असतंय? धूळ, झीज, चरे. गाणं न्हाय. ते सगळं एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरं वाजतंय.”

“मग मोनोची सुई घ्यायची?”

“घे की. बाहेरनं मागवाय लागंल, आणि तेवढ्यात तुझ्या दुकानातला एक भारी कमोड येईल. एका रेकार्डसाठी कशाला? डावं-उजवं जोडून टाक. दोन वायरी येत्यात, एकाला दोन तोंडं. एकीनं दोन्ही बाजू एकात आणायच्या, दुसरीनं तेच परत दोन्ही स्पीकरला वाटायचं.”

“टी लावायचा म्हण की, पायपाला लावतो तसा.”

“व्हय, टीच. दोन्हीकडं जे सारखं हाय ते एकात एक मिसळून घट्ट हुतंय. वरखालीचा कचरा असतोय त्यो एकीकडं उलटा, दुसरीकडं सुलटा. जोडला की एकमेकांतच जिरतोय. सगळा न्हाय जाणार. पण निम्म्याच्या वर जाईल. मिसळ खाऊन यायला लागतं तेवढ्यात काम होतंय.” मग त्यानं एका बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब कालवून रेकॉर्ड धुतली, मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर बशी दाबून धरली, आणि कोरडी करून परत दिली. “आणि त्या आधी एकदा नुसतं डावं ऐक, नुसतं उजवं ऐक. कवाकवा एक भिंत कमी झिजलेली असती.”

वायरी लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळाल्या. मंगळवारी तो दुपारी जेवायला घरी आला आणि अव्वा आत आडवी झाल्यावर त्यानं सेटच्या मागं हात घातला. नळाचं काम करणाऱ्या माणसाला हे जोडकाम परकं नव्हतं. आधी नुसता डावा स्पीकर ऐकला. गाणं आणि चरचर. मग उजवा. इथं चरचर थोडी कमी, पण मुलींचे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे. मग त्यानं दोन्ही वायरी जोडल्या, आवाज कमी ठेवला आणि सुई टेकवली.

पहिल्यांदा त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. खोलीत एकदम कमी आवाज झाला होता. दोन्ही बाजूंची पत्र्याची छपरं गेली होती. थोडी खसखस होती, पण ती लांब, कुणीतरी शेजारच्या घरात झाडतंय एवढीच. आणि समोर, टीव्हीच्या काळ्या काचेच्या जागी, एका ठिकाणी, मुली उभ्या होत्या. उभ्या होत्या असंच त्याला वाटलं, कारण त्यांच्यात पुढं-मागं होतं. बाजाची पेटी मागं, मुलींचा घोळका तिच्या पुढं. अंतरा आला तेव्हा एकजण अगदी जवळ आली, तीच, धार असलेली, आणि सम्मेदचा जीव सवयीनं भरून आला. “सावकाश जा,” ती म्हणाली. आणि तिच्या मागून, हातभर मागून, थोडी उंचावरून, दुसरी एक म्हणाली, “सावकास जा.”

त्यानं सुई उचलून पुन्हा मागं ठेवली. पुढची ‘सावकाश’. मागची ‘सावकास’. तो ‘स’ काही गाण्यातला नव्हता. तो त्याच्या घरातला होता. अव्वाच्या तोंडात ‘श’ कधी आला नाही. ती साकर म्हणायची, सेंगा म्हणायची, आणि रोज सकाळी तो जिन्यावरून उतरायला लागला की वरून म्हणायची, सावकास जा. शिरोळकडच्या तिच्या माहेरी सगळ्याच तसं बोलायच्या. आणि अक्का अव्वाच्या पदराखाली वाढलेली पहिली मुलगी. तो ऐकत राहिला. शेवटची ओळ आली. पुढची वर चढत गेली, तिथं आत्तापर्यंत अण्णांचा हात उचलायचा. मागची खाली थांबली. त्या आवाजात धार नव्हती. थोडा जाड, थोडा दमलेला, श्वास घेण्याआधी जरासा अडखळणारा. पण हलला नाही. पुढची वर जाऊन डळमळली आणि खाली आली, तेव्हा हा आवाज तिथंच होता.

गाणं संपलं. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. सम्मेदला काही फार मोठं झालं असं वाटलं नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक येतं, आपण ओळखीचं समजून खांद्यावर हात ठेवतो आणि तो दुसराच निघतो, तेव्हा वाटतं तेवढंच, कानशिलं गरम झाल्यासारखं. मग त्यानं हात धुतले, अव्वासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि दुकानात गेला.

दुकानात मात्र ते वाढत गेलं. शाहूवाडीहून नवं घर बांधणारं एक जोडपं आलं होतं, त्यांना तो शॉवरचे प्रकार दाखवत होता आणि एकीकडे हिशोब करत होता की त्यानं ज्या मुलीवर आयुष्यभर माया केली ती कोण. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. कुठल्या घरातली, जिवंत आहे की नाही, माहीत नाही. भिंतीवरच्या फोटोतली अक्का आणि तो आवाज यांची त्यानं जोडी लावली होती आणि ती जोडी आज उकलली होती. फोटो उरला, त्याला आवाज नाही. आवाज उरला, त्याला चेहरा नाही. आणि जो खरा होता, तो जाडसर, ‘स’ म्हणणारा, तो त्याच्या ओळखीचाच नव्हता. त्याच्यावर माया बसायला हवी होती, पण ती हुकूम दिला म्हणून बसत नव्हती. त्यानं नळाची ती आठवण मुद्दाम काढून पाहिली. पाय धुणं होतं. वेणीचं गार टोक होतं. अक्का ओठ हलवत होती आणि आवाज येत नव्हता. जोडप्यातल्या बाईंनी त्याला दोनदा विचारलं, हा शॉवर गंजतोय का, आणि त्याला प्रश्न कळला नाही. रात्री रुचिताचा फोन आला, सेट कसा वाजतोय म्हणून. तो म्हणाला, चांगला वाजतोय. पुढं काही बोलला नाही. आत्यावर गेलीया, हे वाक्य तिलाही तोंडपाठ होतं.

मग अव्वाचं ते बोलणं. ह्यात पूर्णी न्हाय. त्याला वाटलं होतं तिला आवाज खराब लागला. पण त्या पहिल्या दिवशी, त्या चरचरीत, वरचा आवाज बारीक का होईना वाजतच होता. बुडाला होता तो खालचा. अव्वा जे म्हणाली ते शब्दशः खरं होतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, हे त्याला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. कारण अण्णांच्या मांडीवरून तो हात उचलायचा तेव्हा अव्वा नेहमी तिथंच, दाराला टेकून उभी असायची.

पुढचे काही दिवस त्यानं रेकॉर्ड लावली नाही. रूपाली माहेरून आली, तिनं विचारलं, बोलत का नाहीस, तर दुकानाचं काहीतरी सांगितलं. शेवटी एका संध्याकाळी तो दुकान रूपालीवर सोपवून लवकर घरी आला. अव्वा सूर्य बुडायच्या आत जेवायची. त्या वेळी तिला कुणी समोर बसलेलं आवडायचं. त्यानं तिच्या ताटात आमटी वाढली.

“अव्वा, रेकार्डमधला वरचा आवाज कुणाचा?”

अव्वानं भाकरी मोडली. ती घाबरली नाही, की दचकली नाही. “साहिस्ताचा,” ती म्हणाली. “पूर्णीची मैत्रीण. बुटकी हुती, म्हणून पुढं. आपली उंच, म्हणून मागं. आणि ती सावकास म्हणायची न्हवं, म्हणून गाण्याच्या बाईंनी माईकपास्नं लांब ठेवलीती.”

“आणि अण्णांना?”

“अण्णांना तिनंच सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“वरची मी म्हणून.” अव्वा घास चावत थांबली. “रेकार्ड घेऊन आली त्या दिवशी सेजारच्यांच्या मसीनीवर लावलीती. तुझ्या अण्णांनी ऐकलं. कवा तोंडभरून बोलत न्हवते ते पोरीसंगं, पण म्हणाले, अगं, ही वर कोण गेली? काय आवाज हाय. तर ही म्हणाली, मी. नुसतं मी. निघून गेलं तिच्या तोंडातनं. मग अण्णांनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. मला आत येऊन म्हणाली, अव्वा, सांगू नगंस, मी सांगतो त्यांना नंतर. चवदा वर्साची पोर. मी म्हटलं, सांग बाई. तिचं काय सांगायचं झालं न्हाय, आणि मग ती काविळीनं पडलीच.”

“आणि तू?”

“मी कसाला सांगू? तिचं तिनं सांगायचं हुतं.” ती पुन्हा जेवू लागली. “ते त्यांची ऐकायचे, मी माझी ऐकायचो. एकाच रेकार्डमधी दोघांचं भागत हुतं. तू त्या दिवशी लावलास तवा माझी न्हवतीच त्यात.”

एवढी वर्षं दाराला टेकून ती काय ऐकत होती, हे सम्मेदला आत्ता कळत होतं. अण्णांचा हात वर जायचा त्याच वेळी ती खालच्या आवाजाबरोबर खाली थांबलेली असायची, एकटी. तिला कधी म्हणावंसं वाटलं नसेल का, की इकडं बघा, ही आपली? त्यानं ते विचारलं नाही. तिचं ताट उचललं, हात धुवायला पाणी दिलं, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सेट सुरू केला. अव्वा भिंत धरत आली आणि खुर्चीत बसली. सुई टेकली. तिनं डोळे मिटले. ‘सावकास’ आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही, फक्त जप मोजत बोटांच्या पेरांवरून फिरणारा तिचा अंगठा थांबला. गाणं संपल्यावर म्हणाली, “ही हाय. पेटीत वाजायची त्याच्यापेक्षा जवळ आलीया.” आणि थोड्या वेळानं, “ती साहिस्ता हाय म्हणं अजून. मास्तरीण हुती. बोलीव की तिला. तिनं तरी कुठं चांगली ऐकली असंल.”

सोहेलला फार शोधावं लागलं नाही. “शाहिस्ता मुल्लाणी बाई? माझ्या भावजयीला शिकवलंय त्यांनी,” तो म्हणाला, आणि दोन दिवसांनी फोन नंबर दिला. सम्मेदनं फोनवर नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, “पूर्णीचा भाऊ का? तू लहान होतास.” तो आवाज वय झालेला, थोडा घोगरा होता. आपण त्यात काय शोधतोय हे सम्मेदच्या लक्षात आलं आणि त्याला लाज वाटली.

त्या सोमवारी दुपारी आल्या. खरंच बुटक्या, पांढऱ्या केसांवरून ओढणी घेतलेली, हातात डाळिंबांची पिशवी. अव्वानं त्यांचा हात चाचपून पाहिला आणि हातातच ठेवला. रूपालीनं चहा दिला. अव्वा आणि बाई थोडा वेळ शाळेचं, कोण गेलं, कोण आहे, असं बोलल्या. सम्मेदनं रेकॉर्ड लावली. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटच्या ओळीला त्यांनी ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“मी अजून एकदापण नीट ऐकलं नव्हतं हे,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात मशीन नव्हतं. आणि नंतर आलं तेव्हा मी ही रेकॉर्ड घेतली नाही.”

“का?” सम्मेदनं विचारलं.

बाईंनी अव्वाकडं पाहिलं. “आता सांगायला हरकत नाही. पूर्णी गेल्यावर वर्षभरानं असेल, तुझे अण्णा मला शाळेच्या फाटकापाशी भेटले. मला थांबवलं. म्हणाले, रेकॉर्डमधला खालचा आवाज तुझा न्हवं? आमच्या पूर्णीला चांगलं धरून ठेवलंस बाळ. असं म्हणून त्यांनी मला चार पेढे दिले. कसले होते कुणास ठाऊक. मी हो म्हणाले.”

“हो म्हणालात?”

“मग काय म्हणणार? ते रस्त्यात उभे, डोळे भरलेले. पूर्णी त्यांना काय बोललीय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, यांना तो आवाज तिचा वाटतोय तर वाटू दे. घरी गेले, पेढे खाल्ले आणि रडले. वाईट वाटलं की. माझं तेवढं एकच गाणं रेकॉर्डवर होतं. पण दिलं ते दिलं. पुढं शाळेत पोरींना सगळी गाणी शिकवली, हे नाही शिकवलं.”

अव्वाचा हात त्यांच्या हातावर होता तो तसाच होता. हे तिला माहीत नव्हतं. पोरीचं खोटं आपण एकटीनं सांभाळलं असं ती इतकी वर्षं समजत होती, आणि याच गावात, चार गल्ल्या सोडून, दुसरी एक पोर त्याचं दुसरं टोक धरून बसली होती. सम्मेदला अण्णा दिसले, फाटकापाशी, हातात पेढ्यांचा पुडा. ज्या आवाजावर त्यांनी जन्मभर जीव टाकला, तो त्यांच्यासमोर उभा होता, आणि ते त्याचे आभार मानत होते भलत्याच कामाबद्दल. त्याला अण्णांची कीव आली नाही. ते समाधानानं घरी आले असतील, पाय धुऊन बसले असतील.

“मला सांगायचंस की गं,” अव्वा म्हणाली.

“तुम्हाला कसं सांगणार? तुम्हाला वाटलं असतं, पोरगी आवाज परत मागायला आली.”

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा पाइप फरशीवर पडल्याचा आवाज आला. अव्वा सम्मेदच्या दिशेनं वळली. “लाव परत,” ती म्हणाली. “मी आपलं नेहमी खालचंच ऐकत आलोय. हिचं कवा ऐकलंच न्हाय.”

त्यानं सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. मुली आल्या, घोळका झाला, त्यातून दोघी पुढं झाल्या. अव्वानं मान थोडी वर केली होती, उंचावरचं काहीतरी दिसतंय का बघावं तशी. सम्मेद दाराजवळ उभा होता. तो आवाज वर जाऊ लागला आणि त्याच वेळी तो म्हाताऱ्या शाहिस्ताबाईंकडे बघत होता. ऐकताना पहिल्यांदाच त्या आवाजाला चेहरा होता, सुरकुतलेला, ओठ मिटून घेतलेला, फोटोतल्या चेहऱ्याशी काही नातं नसलेला. त्याचा जीव भरून आला नाही. नुसतं नीट ऐकू येत होतं.

“इथं मी जरा उतरलेय,” बाई हळूच म्हणाल्या. “वर गेले आणि टिकले नाही. गाण्याच्या बाई रागावल्या होत्या.”

“गप गं,” अव्वा म्हणाली. “ऐकू दे.”